गादीवरून उतरलेली तबकडी : लॅपटॉपच्या बूट ड्राइव्हचा इतिहास

२०११-१२ च्या सुमारास संगणकाची थोडीफार जाण असलेल्या तरुणांच्या घरी एक दृश्य हमखास दिसे. लॅपटॉप पालथा घातलेला, शेजारी वाटीत काढून ठेवलेले बारीक स्क्रू, डीव्हीडी ड्राइव्ह कायमचा बाहेर काढलेला. मूळची हार्ड डिस्क ‘कॅडी’ नावाच्या चौकटीत बसून डीव्हीडीच्या रिकाम्या खणात गेलेली आणि तिच्या मूळ जागी १२० जीबीची एसएसडी आलेली. स्क्रू पुन्हा आवळून बटण दाबले की एरवी दोन-दोन मिनिटे रेंगाळणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होई. प्रोसेसर तोच, रॅमही तेवढीच. बदलले होते ते एकच : यंत्र जागे होताना कोणाकडे पाहते, ते ठिकाण.

या स्थलांतरामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक टनाचे कपाट आहे, एक उपेक्षित जपानी अभियंता आहे आणि न्यायालयात गेलेला एक दावाही आहे.

आरंभ ‘बूट’ या शब्दापासून. हा शब्द आला ‘बूटस्ट्रॅप’ यावरून, म्हणजे बूट चढवताना ओढायची मागची पट्टी. स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच उचलणे ही अशक्य गोष्ट, आणि संगणकापुढचे कोडे नेमके तेच होते. कोणताही प्रोग्रॅम स्मृतीत आणायला दुसरा प्रोग्रॅम लागतो. मग पहिला कोण आणणार? १९७५ च्या अल्टेअर ८८०० या संगणकात ते काम माणसाची बोटे करीत. दर्शनी भागावरच्या खटक्यांची उघडझाप करून आरंभीच्या सूचना एकेक करून आत घालाव्या लागत; एक खटका चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

१९८१ च्या आयबीएम पीसीने ही ओळ कायमस्वरूपी चिपवर कोरून टाकली. बटण दाबताच त्या चिपवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यातील ५१२ बाइट वाचतो. ते बाइट पुढच्या मजकुराचा पत्ता सांगतात, तो मजकूर त्याच्याही पुढचा, आणि अशी साखळी लागून शेवटी सबंध ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहते. ज्या ड्राइव्हवर ही साखळी वसते तो बूट ड्राइव्ह. लॅपटॉपच्या राज्यात ही गादी दोन दशकांहून अधिक काळ फिरत्या तबकडीकडे होती.

त्या घराण्याचा मूळ पुरुष १९५६ सालचा. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने घडवलेले आयबीएम ३५० हे साठवणयंत्र त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ‘रामॅक ३०५’ या संगणकासोबत बाजारात आले. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १,२०० फेरे, वजन सुमारे एक टन आणि साठवणक्षमता आजच्या हिशेबाने जेमतेम पावणेचार एमबी. सबंध यंत्रणेचे भाडे महिन्याला ३,२०० डॉलर. हव्या त्या नोंदीपर्यंत पोहोचायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत.

हा ६०० चा आकडा महत्त्वाचा आहे. पुढच्या पन्नास वर्षांत हार्ड डिस्क आक्रसत गेली. १९८० मध्ये सीगेटची सव्वापाच इंची डिस्क आली, १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क बसली, आणि १९८८ मध्ये लॅपटॉपात मावेल अशी अडीच इंची डिस्क निघाली. २००६ च्या सुमारास साध्या लॅपटॉपात १६० जीबी सहज मिळत. रामॅकच्या तुलनेत साठवण ४०,००० पटींहून अधिक वाढली होती. आणि नोंदीपर्यंत पोहोचण्याचा वेग? तो जेमतेम ३५ पट.

कारण यांत्रिक आहे. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला ९० वेळा फिरते. हवा असलेला मजकूर वाचक-शिरासमोर येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, वाट पाहावी लागते. त्याआधी ते शिर योग्य वर्तुळावर सरकायला बारा-एक मिलिसेकंद जातात. दोन्ही मिळून सतरा-अठरा. म्हणजे विखुरलेल्या नोंदी वाचायच्या झाल्या तर सेकंदाला साठेक वाचने, त्याहून जास्त नाहीत. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण तो मजकूर सलग मांडलेला असतो. यंत्र जागे होताना मात्र हजारो लहान फायली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून गोळा कराव्या लागतात आणि बिचारे शिर इकडून तिकडे धावत राहते. सुरू होणाऱ्या जुन्या लॅपटॉपमधून जी कुरकुर ऐकू येई, ती या धावपळीची.

तबकडी नको, चिपच हवी, ही कल्पना नवी नव्हती. स्टोरेजटेक या अमेरिकी कंपनीने १९७८ मध्येच चिपांवर चालणारे ४५ एमबीचे साठवणयंत्र विकायला काढले होते. किंमत ४ लाख डॉलर. पण वीज गेली की त्यातले सारे पुसले जाई. बूट ड्राइव्हला वीज नसतानाही सर्व काही आठवावे लागते. तेथे असले विस्मरण चालत नाही.

न विसरणाऱ्या चिपचे बीज १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत पडले. डॉन कांग आणि सायमन झी या संशोधकांनी ट्रान्झिस्टरमध्ये निरोधक थराने चोहोबाजूंनी वेढलेले एक सूक्ष्म बेट कल्पिले. त्या बेटावर इलेक्ट्रॉन एकदा उतरवले की वीज बंद झाल्यावरही ते तेथेच अडकून राहतात. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोहमन यांनी १९७१ मध्ये या तत्त्वावर पुसता येणारी चिप घडवली, पण ती पुसायला अतिनील दिव्याखाली काही मिनिटे ठेवावी लागे. पुढे विजेनेच एकेक बाइट पुसणाऱ्या चिपाही आल्या. त्यांच्या प्रत्येक घराला दोन ट्रान्झिस्टर लागत आणि किंमत त्या मानाने चढे.

येथे फुजिओ मासुओका यांचा प्रवेश होतो. जन्म १९४३, जपानच्या गुन्मा प्रांतातील ताकासाकीचा. तोहोकू विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९७१ मध्ये ते तोशिबात रुजू झाले. त्यांचा विचार उफराटा होता. सगळे जण अधिक चांगली स्मृती घडवण्याच्या मागे असताना त्यांनी एक सोय मुद्दाम सोडून दिली. एकेक बाइट स्वतंत्रपणे पुसण्याचा हट्ट कशाला? सबंध गठ्ठा एका झटक्यात पुसला, तर प्रत्येक घराला एकच ट्रान्झिस्टर पुरेल आणि चिप स्वस्त होईल. १९८० मध्ये त्यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. क्षणार्धात सारे पुसले जाणे पाहून शोजी आरीइझुमी या सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली आणि ‘फ्लॅश’ हे नाव रूढ झाले. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मासुओकांनी हे काम जगापुढे मांडले.

तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यांच्या चमूने मांडलेला दुसरा आराखडा आजच्या प्रत्येक एसएसडीच्या मुळाशी आहे : नँड. पहिल्या, ‘नॉर’ पद्धतीच्या मांडणीची तुलना मुंबईच्या चाळीशी करता येईल. प्रत्येक खोलीचे दार थेट गॅलरीत उघडते. हव्या त्या खोलीत सरळ शिरावे. सोय मोठी, पण गॅलरीला जागा लागते. नँडची मांडणी कोकणातल्या जुन्या घरासारखी : पडवीतून ओटी, ओटीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर. आतल्या खोलीत जायचे तर आधीच्या खोल्या ओलांडाव्या लागतात, म्हणून वाचायला वेळ अधिक. पण गॅलरीची जागा वाचते आणि तेवढ्याच जमिनीत कितीतरी जास्त खोल्या बसतात.

नँड ही अशा रीतीने संथ चिप होती. मात्र ‘संथ’ हे इतर चिपांच्या मानाने. मासुओकांना तिची तुलना चिपांशी करायचीच नव्हती. त्यांचे लक्ष्य चुंबकीय तबकडी हे होते, आणि जिला मिलिसेकंद मोजावे लागतात तिच्यापुढे मायक्रोसेकंदांत उत्तर देणारी नँड म्हणजे वाराच.

मासुओकांच्या पदरात काय पडले? २००२ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांच्यावर लेख लिहिला तो ‘उपेक्षित नायक’ म्हणून. कंपनीकडून मिळालेले बक्षीस काहीशे डॉलरांचे होते, असे त्यांचे म्हणणे त्यात आले आहे. १९९४ मध्ये ते तोशिबा सोडून तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. तोशिबाने त्याआधीच, १९९२ मध्ये, नँडचा परवाना दक्षिण कोरियाच्या सॅमसंगला दिला होता. ज्याला हाताला धरून धंद्यात आणले, तोच पुढे दशकभरात या बाजारात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला.

फ्लॅश लॅपटॉपच्या दाराशी पहिल्यांदा आली ती १९९१ मध्ये. एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरमध्ये जन्मलेले संजय मेहरोत्रा यांनी १९८८ मध्ये स्थापलेल्या सनडिस्क (पुढची सॅनडिस्क) कंपनीने आयबीएमला अडीच इंची हार्ड डिस्कच्याच आकाराची २० एमबीची एसएसडी पुरवली. किंमत सुमारे १,००० डॉलर. एका एमबीला ५० डॉलर! आकार मुद्दाम जुन्याचाच ठेवला होता. तबकडीच्या जागेत जिला बसायचे, तिला तबकडीचे माप स्वीकारणे भाग होते.

पुढची पंधरा वर्षे फ्लॅशने लॅपटॉपबाहेर काढली. डिजिटल कॅमेऱ्यांनी, पेन ड्राइव्हांनी आणि संगीतयंत्रांनी कारखाने चालते ठेवले आणि भाव खाली आणले. २००५ च्या शरदात आयपॉड नॅनो निघाल्यावर ॲपलने फ्लॅशचा पुरवठा पक्का करण्यासाठी पाच उत्पादकांना मिळून सव्वा अब्ज डॉलर आगाऊ देण्याचे जाहीर केले. लॅपटॉपच्या बूट ड्राइव्हचा खर्च असा गाणी ऐकणाऱ्यांनी उचलला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आणि मग २००६. सॅमसंगने ३२ जीबीची एसएसडी बसवलेला लॅपटॉप कोरियात विक्रीला आणला. तबकडीविना चालणारे पूर्ण क्षमतेचे लॅपटॉप दुकानात दिसू लागले ते येथून. त्याच वर्षी टोकियोत एक खटला मिटला. आपल्या शोधाचा रास्त मोबदला मिळावा म्हणून मासुओकांनी २००४ मध्ये तोशिबावर १०० कोटी येनचा दावा लावला होता. नोकरीत असताना लागलेल्या शोधाबद्दल संशोधकाला ‘वाजवी मोबदला’ मिळण्याचा हक्क जपानच्या पेटंट कायद्यात होता. वाजवी म्हणजे किती, यावर मात्र त्या वर्षांत मोठे रण माजले होते. निळ्या एलईडीचे शुजी नाकामुरा यांना २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने २,००० कोटी येन मंजूर केले आणि वर्षभरात ते प्रकरण सुमारे ८४ कोटींवर तडजोडीने संपले. मासुओकांची तडजोड झाली ८ कोटी ७० लाख येनवर.

श्रीमंतांच्या लॅपटॉपात एसएसडी शिरण्याच्या याच काळात ती एका अगदी वेगळ्या दारानेही आली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकी उपक्रमाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप गरीब देशांतील मुलांसाठी होता. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. १ जीबीची फ्लॅश चिप मदरबोर्डवर होती आणि यंत्र तिच्यावरूनच सुरू होई. धूळ, धक्के आणि विजेचा तुटवडा यांत तबकडी टिकणार नाही, हे उघड होते. या उपक्रमाचा भारतातील प्रायोगिक वर्ग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याच्या प्राथमिक शाळेत भरला. मुंबईतील बहुतेक कचेऱ्यांत तबकड्या कुरकुरत असताना धनगरवाड्यातील पोरांचे संगणक निःशब्द चिपवरून जागे होत होते.

बाजारातला भाव मात्र आवाक्याबाहेरच होता. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या मॅकबुक एअरला ८० जीबीच्या हार्ड डिस्कऐवजी ६४ जीबीची एसएसडी हवी असेल तर ९९९ डॉलर जादा मोजावे लागत. त्या सप्टेंबरात इंटेलने ८० जीबीची एक्स२५-एम काढली. तिच्या तांत्रिक पत्रकात वाचनाचा विलंब ८५ मायक्रोसेकंद दिला होता. तबकडीचे सतरा मिलिसेकंद याच्या शेजारी ठेवले की २०० पटींचा फरक निघतो.

सबंध लॅपटॉप चिपवर नेणे परवडत नाही आणि तबकडीवरून जागे होणे सोसवत नाही, या पेचातून ‘लहान एसएसडी, मोठी हार्ड डिस्क’ ही वाटणी जन्मली. ऑपरेटिंग सिस्टिम आणि रोजचे प्रोग्रॅम चिपवर. फोटो, गाणी, चित्रपट तबकडीवर. वाटणी डोळस होती : विखुरलेली वाचने जिथे, तिथे चिप, सलग वाचन जिथे, तिथे तबकडी. ऑक्टोबर २०११ मधील थायलंडच्या महापुराने हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली घालवून तबकड्यांचे भाव भडकवले आणि चिपशी असलेले अंतर आणखी घटले.

जागा शोधण्याच्या युक्त्या निरनिराळ्या होत्या. कॅडीची युक्ती सर्वांत लोकप्रिय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत ती सहज मिळे. २०११ च्या थिंकपॅड एक्स२२० आणि टी४२० यांत मोबाइल डेटा-कार्डासाठी ठेवलेल्या छोट्या खाचेत एमसाटा प्रकारची एसएसडी बसे. हार्ड डिस्कला हातही न लावता गादी बदलता येई.

हात लावला नाही तरी जुनी राजवट मात्र सहजासहजी जात नसे. दोन्ही ड्राइव्ह जोडलेले ठेवून एसएसडीवर विंडोज टाकले, तर पुष्कळदा सुरुवातीच्या बूट फायली जुन्या हार्ड डिस्कवरच्या राखीव विभागात जात. महिन्याभराने ती डिस्क काढली की लॅपटॉप सुरूच होत नसे. गादीवर नवा राजा बसला खरा, पण शिक्के-कट्यार जुन्याच वाड्यात राहिली होती. म्हणून जाणकार सांगत : विंडोज टाकताना जुनी डिस्क आधी बाहेर काढा.

त्याहून सूक्ष्म भूत होते ६३ या आकड्याचे. आयबीएम पीसीच्या जमान्यात तबकडीच्या एका वर्तुळावर जास्तीत जास्त ६३ कप्पे मोजता येत. क्रमांकासाठी सहाच बिट होते. पहिले वर्तुळ राखीव ठेवायचे म्हणून पहिला विभाग ६३ व्या कप्प्यापासून सुरू करण्याची प्रथा पडली आणि विंडोज एक्सपीपर्यंत चालली. चिपवर वर्तुळे नसतात. तेथे ४ केबीच्या पानांचा हिशेब. आणि ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६. याला ४,०९६ ने पूर्ण भाग जात नाही. परिणामी एक्सपीची जुनी मांडणी जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली की एकेक लहान लेखन दोन पानांत पाय टाकून बसे, आणि वेग व आयुष्य दोन्ही घटत. फिरणारी तबकडी नाहीशी झाली, तरी तिची भूमिती चिपवर ठाण मांडून होती. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये विभागाचा आरंभ १ एमबीवर नेला तेव्हा हा दोष मिटला.

मासुओकांनी सोडून दिलेल्या त्या सोयीचा हिशेबही येथेच चुकता करावा लागला. फ्लॅशवर लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी सबंध गठ्ठा पुसावा लागतो. फाइल डिलीट केली की ऑपरेटिंग सिस्टिम फक्त आपल्या वहीतली नोंद खोडते, एसएसडीला त्याचा पत्ताच नसतो. ती बिचारी मेलेला मजकूर जपत, गठ्ठ्यांतून गठ्ठ्यांत हलवत बसते आणि महिन्यागणिक मंदावते. ‘हे आता नको’ असे ड्राइव्हला कळवणारी ट्रिम ही आज्ञा ऑक्टोबर २००९ च्या विंडोज ७ मध्ये आली, तेव्हा बूट ड्राइव्ह म्हणून एसएसडीवर निर्धास्तपणे विसंबता येऊ लागले.

२०१३ नंतर च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी रुळली. डीव्हीडी ड्राइव्ह गेला, त्याच्याबरोबर कॅडी गेली आणि काही वर्षांत अडीच इंची खणही गेला. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत आता चिप मदरबोर्डवर डाख देऊनच जोडलेली असते. एसएसडी बसवायला तेथे ना जागा ना स्क्रू.

तोशिबाचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील अणुऊर्जा व्यवसायात प्रचंड तोटा आल्यावर कंपनीला तगून राहण्यासाठी आपला सर्वांत मोलाचा विभाग विकावा लागला. तो होता फ्लॅश स्मृतीचा. २०१८ मध्ये बेन कॅपिटलच्या नेतृत्वाखालील गटाने तो २ लाख कोटी येनना घेतला. आज तो किओक्सिया या नावाने चालतो. त्याच २०१८ मध्ये फुजिओ मासुओका यांना होंडा पारितोषिक मिळाले. त्याची रक्कम १ कोटी येन.